शेजारधर्माचा संगणक

‘हायकू’ म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळजणींना शिरीष पै आठवतील. तीन ओळींचा तो इवलासा जपानी काव्यप्रकार त्यांनी मराठीत रुजवला, आणि बी. ए.ला मराठी घेतलेल्या आम्हा मुलींनी वहीच्या मागच्या पानांवर हौसेनं हायकू लिहूनही पाहिले. पण आज मी ज्या हायकूबद्दल लिहिणार आहे तो कवितेतला नव्हे, संगणकातला! गंमत म्हणजे त्याचं नाव कवितेवरूनच पडलेलं आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

संगणक चालू केला की पडद्यामागे राहून सगळी व्यवस्था बघणारी जी यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे, कुणाची पाळी आधी, कुणाला किती वाढायचं, छपाईयंत्राशी कोण बोलणार, हे सगळं ती बघते. थोडक्यात म्हणजे घरातली बाईच म्हणा ना! सगळं सुरळीत चाललं तर ती आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. जगातल्या बहुतेक संगणकांवर दोन-तीन बड्या कंपन्यांच्याच सिस्टिम असतात. हायकू ही त्या मानानं अगदी लहान, हौशी लोकांनी बांधलेली.

आमच्याकडे ती आली २०२३ च्या दिवाळीत. ह्यांचा तेरा वर्षांचा जुना लॅपटॉप इतका रांगायला लागला होता, की तो सुरू करून मी कणीक मळून यायची. दुकानदार म्हणाला, “ताई, आता भंगारातच द्या.” नवा घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार. त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. माझं वर्षाचं मानधन गोळा केलं तरी त्यातून नवा लॅपटॉप आणि घरखर्चाला हातभार, दोन्ही जमायचं नाही.

धाकटे भावजी पुण्याहून आले ते खिशात एक पेनड्राइव्ह घेऊन. “वहिनी, टाकून द्यायच्या आधी हे एकदा बघा तरी,” म्हणाले. पेनड्राइव्ह लावला, आतल्या जुन्या सामानाला हातही लावला नाही, आणि चहाला आधण येईपर्यंत संगणक तयार! खिडक्यांच्या डोक्यावर पिवळ्या पट्ट्या, आपण फायलींना चिकटवतो ना, तशा. ३८४ एमबी एवढ्याशा मेमरीवरही तो चालू शकतो म्हणे. आमच्या लॅपटॉपकडे तर त्याच्या कितीतरी पट होती.

हे बांधलं कुणी, असं मी भावजींना विचारलं, तेव्हा त्यांनी जी हकीकत सांगितली ती मला एखाद्या कादंबरीसारखी वाटली.

ॲपल कंपनीतून बाहेर पडलेले झां-लुई गासे नावाचे एक फ्रेंच गृहस्थ. त्यांनी अमेरिकेत ‘बी’ नावाची कंपनी काढली आणि ‘बीओएस’ ही नवी सिस्टिम तयार केली. चपळ, सुटसुटीत, गाणी-चित्रपटांना उत्तम. १९९६ साली ॲपल ही कंपनी विकत घेण्याच्या बेतात होती. पण किमतीवर घोडं अडलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ॲपलनं त्याऐवजी स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट कंपनी घेतली. पुढचं आपण जाणतोच. ‘बी’ मात्र खंगत गेली आणि २००१ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरना पाम नावाच्या कंपनीला विकली गेली. पामला ती सिस्टिम पुढे चालवायची नव्हती.

आता ज्यांनी हौसेनं ती वापरली, तिच्यासाठी प्रोग्राम लिहिले, त्यांचं काय? लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीला कुलूप लागावं, तसं झालं. आत सगळं आहे, पण किल्ली दुसऱ्याकडे. त्या लोकांनी मोर्चा काढला नाही की रडत बसले नाहीत. त्याच २००१ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांनी ठरवलं, की आपण हीच सिस्टिम पहिल्या विटेपासून पुन्हा बांधायची. मूळ नकाशा हातात नाही. नुसतं बाहेरून निरखून, जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालले पाहिजेत अशी अट स्वतःवर घालून. आजी गेल्यावर तिच्या हातच्या लोणच्याची चव आठवून आठवून मसाला जुळवावा, तशातली गत. आणि परवाना असा ठेवला, की कुणीही घ्यावी, बदलावी, वापरावी. म्हणजे पुन्हा कुणी विकत घेऊन कुलूप घालायला नको!

आधी नाव ‘ओपनबीओएस’ होतं. पण ‘बीओएस’ या नावाची मालकी पामकडे. म्हणून २००४ मध्ये नाव बदललं. जुन्या बीओएसमध्ये नेटपॉझिटिव्ह नावाचा ब्राउझर होता, त्यात काही बिघडलं की रुक्ष सूचना न येता चक्क हायकू यायचा. त्याची आठवण म्हणून ‘हायकू’. काम बिघडलेलं असताना कविता वाचायला देणारी माणसं! मला तर तिथंच ही मंडळी आवडली.

काम मात्र गोगलगायीच्या चालीनं. पहिली चाचणी-आवृत्ती, जिला ते ‘अल्फा’ म्हणतात, ती २००९ च्या सप्टेंबरात आली. पुढची पायरी ‘बीटा’, ती २०१८ मध्ये. मधे नऊ वर्षं! या नऊ वर्षांत किती जणांची लग्नं झाली असतील, मुलं झाली असतील, नोकऱ्या बदलल्या असतील. नोकरी करून रात्री, रविवारी हे काम करायचं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ते ‘बिगाइस्टर्ट’ नावाचा मेळावा भरवत असत. जर्मन भाषेत त्याचा अर्थ भारावलेले, उत्साहानं पेटलेले. लांबलांबून येऊन, एकत्र राहून, शेजारी शेजारी बसून संगणक दुरुस्त करायचे. आपल्याकडे पापड लाटायला बायका जमतात, तसंच की हे!

आणि उसनवारी? ती तर विचारूच नका. वायफाय चालायला प्रत्येक प्रकारच्या चिपसाठी वेगळा ‘ड्रायव्हर’ लागतो. ते सगळे स्वतः लिहायचे म्हटले तर जन्म जाईल. म्हणून हायकूवाल्यांनी ‘फ्रीबीएसडी’ आणि ‘ओपनबीएसडी’ या दोन शेजाऱ्यांकडून ते घेतले. वाटीभर विरजण शेजारणीकडून आणावं तसं. विरजण दिल्यानं तिचं काही कमी होत नाही आणि आपल्या घरी दही लागतं. मोठमोठे प्रोग्रामही असेच दुसरीकडून आणून, हायकूच्या मापाचे बेतून घेतलेले. पत्रं, हिशेब, प्रश्नपत्रिका करायला मी वापरते ते ‘लिबरऑफिस’ २०१८ मध्ये असंच तिथं आलं.

भावजी भाऊबीज करून गेले आणि आमचं वायफाय काही लागेना. नेहमी फोन करून त्यांना किती छळणार? शेवटी मनाचा हिय्या करून मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या हौशी मंडळींनाच लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, पण उत्तरात आधी प्रश्नच! लॅपटॉपचं मॉडेल कोणतं, हायकूची आवृत्ती कोणती, आणि ‘लिस्टडेव्ह’ एवढा शब्द टाइप केल्यावर जी यादी येते ती जशीच्या तशी पाठवा.

मला आपल्या मासिकांतलं पाककृतीचं सदर आठवलं. ‘माझा ढोकळा फुगत नाही, काय करू?’ असं एका ओळीचं पत्र येतं तेव्हा सल्ला देणारी बाई तरी काय सांगणार? डाळ किती भिजवली, सोडा कधी घातला, पाणी उकळत होतं का, हे कळलं तर ती सांगेल. हायकूच्या जगातही तसंच. तिथं एक मोठी तक्रारवही आहे. एका तक्रारीला एक क्रमांक, खाली कुणी काय तपासलं याची नोंद. संगणक साफ बंद पडून पडद्यावर अगम्य अक्षरं उमटली, तर लोक मोबाइलनं त्या पडद्याचा फोटो काढून लावतात आणि त्यावरून कुठलातरी परका माणूस दुखणं ओळखतो. पडदा काळाच राहिला तर सुरू करतानाच शिफ्टची कळ दाबून धरा आणि साध्या चित्रव्यवस्थेनं सुरू करा, असले घरगुती उपायही एकमेकांना सांगतात.

आमच्या लॅपटॉपच्या वायफायला एक जादा तुकडा लागत होता. परवान्याच्या अडचणीमुळे तो सिस्टिमसोबत वाटता येत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. पण वायफायच नाही तर उतरवून घेणार कशावरून? त्यावरही तोड होती. मोबाइल चार्जरच्या वायरीनं लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचं इंटरनेट घ्यायचं. दहा मिनिटांत काम झालं.

“यांना यातनं मिळतं काय?” हे म्हणाले. प्रश्न रास्त होता. पण का कोण जाणे, मला तो जरा लागला. कारण नेमका हाच प्रश्न माझ्या नोकरीबद्दल आमच्याकडे आल्यागेल्यानं विचारून झालेला आहे. ‘एवढ्याशा मानधनासाठी कशाला दगदग करतेस?’ म्हणून मी ह्यांना सरळ हिशेबच दिला. हायकूची एक ना-नफा संस्था आहे, २००३ मध्ये स्थापन झालेली. तिला लोक देणग्या देतात, आणि २०२१ पासून त्यातून एका प्रोग्रामरला पूर्णवेळ पगार देणं जमलं. म्हणजे सुरुवात केल्यावर वीस वर्षांनी! गूगलच्या उन्हाळी योजनेतून काही विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळालं, त्यात आपल्या भारतातलीही मुलं आहेत. बाकी सगळे बिनपगारी. पण त्यांना ‘फावल्या वेळचा चाळा’ म्हणून कुणी हसत नाही, उलट ‘डेव्हलपर’ म्हणून मान देतात. बायकांच्या बिनपगारी कामाला असं एखादं भारदस्त नाव कधी मिळणार, असं मी म्हटलं. हे पेपरात डोकं घालून बसले.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही हं. कधी कधी उत्तरं तुटक येतात. ‘हे आधी विचारून झालंय’ एवढंच. एखाद्या बारीकशा बटणाच्या जागेवरून पंधरा-पंधरा दिवस वाद चालतात. आणि बायकांची नावं शोधावीच लागतात. शिवाय ‘बीटा’ म्हणजे पुरतं न झालेलं, हे ते स्वतःच सांगतात. २०२४ च्या सप्टेंबरात आली ती पाचवी बीटा. तेव्हा ज्या घरात एकच संगणक आहे आणि त्यावरच ऑफिसचं काम आहे, तिथं हा प्रयोग करू नये असंच मी म्हणेन. जुना, अडगळीत टाकलेला असेल तर मात्र जरूर करून पाहावा. आधी पेनड्राइव्हवर, आणि आतल्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवून.

आता माझी खरी अडचण सांगते. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेची फाइल मी त्यात घातली आणि बघते तो काय, फाइलच्या नावातली सगळी जोडाक्षरं सुटी! ‘प’चा पाय मोडलेला, ‘र’ वेगळा, आणि ‘त्रि’ची वेलांटी पुढच्या ‘का’जवळ जाऊन बसलेली. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली की आतला मजकूर मात्र शुद्ध. मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं ते असं, की अक्षरं जुळवायचं काम लिबरऑफिस स्वतःच करतं, पण सिस्टिमच्या स्वतःच्या खिडक्यांत ती सोय अजून झालेली नाही. आणि पुढे लिहिलं होतं, ‘आमच्यातल्या कुणाला ही लिपी वाचता येत नाही. बरोबर कसं दिसायला हवं, ते तुम्ही दाखवाल का?’

मैत्रिणींनो, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मी काय शिकवणार! पण हे मात्र मी शिकवू शकत होते, रोज पाचवी-सहावीला तेच तर शिकवते. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत तक्ता काढला. डावीकडे पडद्यावर दिसतं ते, उजवीकडे हवं ते. संगणकाच्या पोटात अक्षरं आपण उच्चारतो त्या क्रमानं असतात, म्हणून ‘कि’मध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी. दाखवताना मात्र ती आधी काढायची. मग ‘र’. ‘प्रश्न’मध्ये तो पोटात तिरका शिरतो, ‘ट्रक’मध्ये खाली घर करून राहतो, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो. आणि चौथं रूप मी लाल पेननं काढलं, कारण हिंदीचा नमुना समोर ठेवून काम केलं तर नेमकं तेच सुटायचं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यावी आणि ‘आचाऱ्यास’ पगार! फोटो काढून पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. तक्ता तक्रारीला जोडून ठेवला आहे, समुद्र आणि दरीचं उदाहरण फार आवडलं, आणि आणखी एक शंका आहे: ‘क्ष’ हे एक अक्षर धरायचं की दोन?

ते मात्र आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतही अजून ठरलेलं नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत पुन्हा विषय काढणार आहे.