पडद्यावरचे कर्ज

ज्या आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ लिहून अवघ्या महाराष्ट्राला पोट धरून हसविले, त्यांनीच १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणून त्याच महाराष्ट्राला मनसोक्त रडवावे, आणि त्याकरिता, ‘सिकंदर’मध्ये रुखसानेच्या ऐश्वर्यमंडित वेषात वावरलेल्या वनमालाबाईंना कोकणातल्या एका कर्जबाजारी घराच्या चुलीपाशी आणून बसवावे, यातले धाडस आज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले हे मात्र शाळकरी पोरही सांगे.

मी तो प्रथम पाहिला तो आमच्या गावच्या जत्रेतल्या तंबूत, सतरंजीचा तुकडा घरून नेऊन. त्या वयात माझी दृष्टी माधव वझ्यांच्या श्यामवरून तसूभरही ढळली नाही. श्याम विहिरीत उडी टाकायला भितो आणि आई त्याला शिंपटीने फोडून काढते, तेव्हा माझ्याच पाठीवर वळ उठल्यासारखे झाले. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरावा, हा श्यामचा हट्ट तर मला इतका पटला की दुसऱ्याच दिवशी न्हाणीच्या दारात उभा राहून मी तो आपल्या घरी लागू करून पाहिला. “पाय पूस आणि चालू लाग,” एवढाच निकाल आमच्या मातोश्रींच्या दरबारातून मिळाला.

पुढे दूरदर्शनवर तो लागला, तेव्हा मी नोकरीला लागून संसारी झालो होतो. आता नजर आईकडे वळली. तिचा करारीपणा लहानपणी कठोर वाटला होता, त्यामागे ओढगस्तीतही घराची अब्रू राखण्याची केवढी पराकाष्ठा होती, हे तेव्हा उमगले. आणि अलीकडे, डोळ्यांवर जाड भिंगे चढल्यावर, मी पाहत बसतो ते श्यामच्या वडिलांकडे. एके काळची खोती गेलेली, सावकाराचे व्याज मुद्दलाला गिळून बसलेले, आणि दारी आलेल्या तगादेदारासमोर आपल्याच ओसरीवर चोरासारखा उभा असलेला हा गृहस्थ. त्याच्या वाट्याला गाणे नाही, उपदेश नाही, पुस्तकाच्या नावातही जागा नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले तेव्हा आईच्या महन्मंगल मूर्तीपुढे बापाची ही नामुष्की झाकोळली जाणे स्वाभाविकच होते. तरी ती त्यांनी लपविली नाही, हा त्यांच्या प्रांजळपणाचा मोठा पुरावा मी मानतो.

तंबूतल्या त्या रात्री माझे वडीलही रडत होते. सगळेच रडत होते, म्हणून मला त्याचे नवल वाटले नाही. आई मरते म्हणून मी रडलो, तसेच तेही रडत असावेत अशी माझी समजूत. त्यांच्या पश्चात ट्रंकेतल्या कागदपत्रांत जमिनीचे एक गहाणखत सापडले, फेडीच्या पावत्यांसकट. त्यावरची साले आमच्या बालपणाचीच होती. त्या खताविषयी घरात कधी अवाक्षर निघाले नव्हते.

परवा मुलाने हाच चित्रपट संगणकावर लावला. संगीत फार भडक आहे, असा शेरा मारून तो स्थितप्रज्ञासारखा पाहत होता. व्याजाची गोष्ट निघताच मात्र गप्प झाला, आणि चित्रपट तसाच थांबवून, आपल्या घरकर्जाची मुदत अजून किती राहिली आहे, ते बायकोला विचारू लागला.