गॅस गेलो?

मालवण किनाऱ्यावर फ्रिज थंड होईनासा झाला की मेकॅनिक येण्याआधीच शेजारी निदान करून मोकळे होतात: 'गॅस गेलो!' पण फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलासारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि नळीला भोक पडले तरच कमी होतो. म्हणून गॅस तपासायचा तो सर्वांत शेवटी.

पहिली तपासणी व्होल्टेजची. घरात यायला हवेत २३० व्होल्ट. पण मे महिन्याच्या रात्री, गावभर पंखे फिरत असताना, वाडीच्या टोकाच्या घरात त्यांतले बरेच गळालेले असतात. अशा वेळी कॉम्प्रेसर उचलत नाही. 'टक्', जराशी गुणगुण, पुन्हा 'टक्', मग शांतता. जागच्या जागी अडकलेली मोटर भरमसाट करंट ओढून तापते आणि ओव्हरलोड हा तिचा संरक्षक स्विच पुरवठा तोडतो. निवल्यावर पुन्हा तोच खेळ. व्होल्टेज पुरेसे असूनही हा आवाज येत असेल, तर आधी कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले बदलून पाहावा. कॉम्प्रेसरच्या मानाने तो फारच स्वस्त. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले आणि कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. अशा खंडानंतर वीज येते तीही हेलकावे खात. ती स्थिरावेपर्यंत प्लग काढून ठेवलेला बरा.

नंतर खारा वारा. जुन्या फ्रिजच्या पाठीवरची काळी जाळी मीठ, ओल आणि धूळ धरते. तिच्यातून उष्णता बाहेर पडली नाही तर आत गारवा येणार कुठून? नव्या फ्रिजांत या जाळीऐवजी उष्णता सोडणारी नळी बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा कोमट लागणे हे चांगलेच लक्षण, पण भिंतीला चिकटवलेल्या फ्रिजचा चटका बसण्याइतका तापतो.

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होण्याआधी फ्रीजर सुरमई-बांगड्यांनी ठासून भरतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये त्यामुळे हवेची वाट बुजते: वर मासळी दगड, खाली दूध नासके. पाठीमागच्या पॅनेलआड बर्फ साचल्यावरही हेच होते. फ्रिज दिवसभर दार उघडे टाकून बंद ठेवावा. नंतर काही दिवस नीट चालून पुन्हा बिघडला, तर दोष बहुधा डीफ्रॉस्टच्या हीटरमध्ये किंवा सेन्सरमध्ये.

एवढे होऊनही फ्रीजरच्या नळ्यांच्या पहिल्या एक-दोन वळणांवरच बर्फ धरत असेल, तर मात्र गॅस कमी. साध्या फ्रिजमध्ये सुरीने बर्फ खरवडणारे हात बरेचदा याला कारण असतात. अनेक नव्या फ्रिजांतला आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे. तो काढून टाकल्याशिवाय नळीला ज्योत लावू नये. भोक बुजवल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या कराव्यात, पावसाळ्यात तर नक्कीच. राहिलेली ओल केशनळीत गोठते आणि फ्रिज थोडा वेळ चालून थांबतो. गॅस वजन करूनच भरावा. मग मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवावा. सकाळी पारा ४ अंशांच्या आसपास दिसला पाहिजे.