दात नाहीत, तरी तपासणी हवीच

अमरावतीत तपोवन-वडाळी रस्त्यावर आणि अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथे दंत महाविद्यालये आहेत. मूर्तिजापूरच्या माणसाने जी वाट सोयीची, ती धरावी. मात्र दात दुखण्याची वाट पाहू नये.

निघताना नाश्ता आणि नेहमीची औषधे घ्यावीत. गोळ्यांची यादी सोबत ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. तेथे आधी आजारांची विचारपूस होते. मग लहान आरशाने दात, हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू पाहतात. गरज वाटल्यास एक्स-रे काढतात. यात सहसा वेदना होत नाहीत.

कवळी वापरणारे आजोबा म्हणतात, ‘दातच नाहीत, मग तपासायचे काय?’ आजोबा, तोंड तर आहे! आपल्या वऱ्हाडात खर्रा घरोघरी परिचयाचा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कमी उघडणारे तोंड, यांमागे कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असू शकते. आणि सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर कवळी काढून ठेवावी, आणि खर्र्याची सवय मुलासमोर सांगणे अवघड वाटत असेल, तर मुलाने क्षणभर बाहेर थांबावे.