ध्वनीचे इमान

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात ‘हाय फिडेलिटी’ हा शब्द रूढ झाला आणि पुढे त्याचे ‘हाय-फाय’ हे सुटसुटीत रूप घरोघरी पोहोचले. शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर त्याचे नाते यंत्राच्या गुणापेक्षा माणसाच्या शीलाशी अधिक जवळचे आहे. फिडेलिटी म्हणजे निष्ठा, इमान. इमान म्हटले की ते कोणाशी, हा प्रश्न ओघानेच येतो. गाणाराशी, तबकडीवर उमटलेल्या खुणांशी, की ऐकणाराच्या मनात वसलेल्या गाण्याशी? भाषांतराचा विचार करणारांना हा प्रश्न मुळीच नवा नाही. संहितेशी निष्ठा आणि वाचकाशी निष्ठा यांतील ताण त्यांच्या नित्य परिचयाचा असतो. यंत्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मोजमापाने सुटला आहे, अशी समजूत प्रचलित आहे.

ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने जाहीर परीक्षांचा एक उपक्रम चालविला होता. रंगमंचावर गायिका आणि तिचीच तबकडी वाजविणारे यंत्र शेजारी शेजारी असत. मध्येच दिवे मालवले जात आणि चालू असलेला आवाज बाईंचा की यंत्राचा, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे असे. श्रोत्यांना फरक कळत नाही, असा कंपनीचा दावा होता. त्या परीक्षांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने पुढे सांगितले, की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाबरहुकूम ठेवीत होतो. प्रत मुळाशी जुळावी म्हणून मूळच प्रतीकडे सरकले होते.

चेन्नईसारख्या शहरात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीपासून लहानमोठ्या अनेक सभांपर्यंत येथे दर डिसेंबरात गाण्याला पूर येतो. पहाटे कोलम रेखाटलेल्या गल्ल्यांतून भजने ऐकू येतात आणि दुपारपासून लोक एका कच्चेरीतून दुसऱ्या कच्चेरीकडे जातात. ऐकणे हा येथे अभ्यासाचा विषय मानला जातो. अशाच एका डिसेंबरात शहरातील एका मोठ्या हॉटेलाच्या मजल्यावर ध्वनियंत्रांचे प्रदर्शन भरले होते. ते पाहण्यास, किंबहुना ऐकण्यास, दोन वृद्ध स्नेही गेले.

त्यांतील एक पुण्यात मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेले प्राध्यापक. मुलीकडे राहावयास म्हणून ते बारा वर्षांपूर्वी चेन्नईस आले. दुसरे तंजावरी मराठी घराण्यातील, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिल्यानंतर जी मराठी कुटुंबे तिकडे स्थिरावली, त्यांपैकी त्यांचे एक. घरात मराठी, लिहिण्यावाचण्यात तमिळ आणि गाण्यात तेलुगू, अशी त्यांची वाटणी. प्रारंभी त्यांची मराठी प्राध्यापकांना विलक्षण वाटे. पुण्यात कधीच मागे पडलेले काही शब्द आणि वळणे त्या घरात अद्याप नांदत होती, आणि मूळ प्रदेशाशी संपर्क नसताना भाषा इतकी टिकावी याचे त्यांना अप्रूप होते. अभियंत्यांना त्यात अप्रूप वाटत नसे. १८६० नंतरच्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरी आले, त्यांच्या कीर्तनाचा संस्कार घेऊन तंजावूर कृष्ण भागवतरांनी दक्षिणी हरिकथेला रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथांतही रुजली, हे ते वारंवार सांगत. टिकते ते बदलूनच टिकते, असे त्यांचे मत होते.

प्रदर्शनास जाण्याचा हेतू व्यावहारिक होता. निवृत्तीच्या रकमेतील एक हिस्सा अभियंत्यांनी चांगल्या ध्वनिसंचासाठी बाजूस ठेवला होता. आयुष्यभर लोकांचे बोलणे तारांतून वाहून नेले. आता उरलेल्या वर्षांत गाणे नीट ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती. “आकडे मी पाहीन, निवाडा तुमच्या कानांनी द्यावयाचा,” असे त्यांनी प्राध्यापकांस बजाविले होते.

हॉटेलाच्या खोल्यांतील पलंग काढून तेथे जाड गालिचे आणि पडदे लावले होते, कारण उघड्या भिंतींवरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळतो आणि आवाज गढूळ होतो. एका खोलीत काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेले रुंद कर्णे होते. तेथे गाणारा अगदी समोर बसल्यासारखा वाटे, परंतु मृदंगाचे मंद्र बोल काहीसे सैल पडत. दुसऱ्या खोलीत पुरुषभर उंचीचे लाउडस्पीकर होते. त्यांतून घटम्, व्हायोलिन, तंबोरा यांच्या जागा बोटाने दाखवाव्यात इतक्या स्पष्ट होत. तिसऱ्या खोलीत विद्युत्‌भाराने थरथरणाऱ्या तलम पडद्यांचे पातळ स्पीकर होते. त्यांच्या किमतीत चेन्नईच्या उपनगरात राहते घर झाले असते. मजल्याच्या टोकाशी, लिफ्टच्या शेजारच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन लहान स्पीकर होते आणि तेथे फारसे कोणी थांबत नव्हते.

प्रदर्शनातील रसिकांची परिभाषा साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशी होती. आवाज ‘उबदार’, ‘कोरडा’, ‘मोकळा’, ‘दाणेदार’ अशी विशेषणे कानी पडत. माधुर्य, ओज, प्रसाद हे गुण शब्दार्थाचे मानावेत की रसाचे, यावर वामन आणि मम्मट यांची मते भिन्न आहेत, याची आठवण प्राध्यापकांनी करून दिली. ऊब यंत्राची मानावी की गाण्याची? अभियंत्यांनी या वादात न शिरता एक व्यावहारिक कसोटी लावली. दोन संचांची तुलना चालू असता त्यांनी आवाजाची पातळी मोजून समान करावयास सांगितले. दोहोंपैकी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला अधिक चांगला भासतो, आणि मोठेपणामुळे तसे वाटले हे ऐकणाराच्या ध्यानातही येत नाही. पातळी समान होताच मघाशी जमिनीअस्मानाचा वाटलेला फरक बराच ओसरला.

तरीही काही फरक उरला होता. अलीकडच्या एका ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार आणि सभागृहातील मोकळी हवा पातळ पडद्यांच्या स्पीकरांतून जितकी जाणवत होती तितकी इतरत्र जाणवत नव्हती. अभियंत्यांनी मोठ्या अपेक्षेने स्नेह्याकडे पाहिले. “दोन्ही चांगले आहेत,” एवढेच प्राध्यापक म्हणाले. दुसऱ्या जोडीनंतरही तेच, आणि तिसऱ्यानंतरही तेच. हा विद्वानाचा संयम असावा, असे अभियंत्यांना वाटले.

त्यानंतर प्राध्यापकांनी बरोबर आणलेले मुद्रण वाजविण्यास दिले. ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे होते. किराणा घराण्याच्या या गायकाचा दक्षिणेशी संबंध दृढ होता. मिरजेस वास्तव्य असले तरी म्हैसूर आणि मद्रास येथे त्यांचे जाणे असे, आणि कर्नाटक पद्धतीच्या स्वरोच्चाराचे संस्कार त्यांच्या सरगमेवर झाले होते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींच्या मापनासाठी ज्यांच्या गळ्याचे साहाय्य घेतले, तेही खाँसाहेबच. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासेहून पाँडिचेरीस जात असता प्रकृती बिघडल्याने ते वाटेत सिंगापेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. चेन्नईहून चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्या आजही त्या स्थानकावर थांबतात. त्यापूर्वीच्या काही वर्षांत त्यांच्या अनेक तबकड्या निघाल्या. त्यांतील एकीवर खरहरप्रियेतील त्यागराजांची तेलुगू कृती आहे. मिरजेचा मुसलमान गवई, कावेरीकाठच्या संताची रचना, आणि तिचे हिंदुस्थानी वळण! कर्नाटकी परंपरेच्या काटेकोर मापाने तिला निष्ठावंत म्हणता येणार नाही. दोघा स्नेह्यांची मैत्री मात्र या तबकडीवरूनच जुळली होती.

सर्वांत महाग संचावर ती वाजू लागली. तीन मिनिटांचे ते गाणे, आणि त्याच्याबरोबर सुईखालच्या लाखेची सगळी खरखर, प्रत्येक कण सुटा करून, खोलीभर पसरली. यंत्राने आपले इमान पूर्णपणे राखले होते. ते तबकडीशी होते. अभियंत्यांनी कपाळाला आठी घातली. “खरखर फारच पुढे येते आहे,” ते म्हणाले.

“कसली खरखर?” प्राध्यापकांनी विचारले.

अभियंत्यांनी त्यावर काही म्हटले नाही. गाणे संपेपर्यंत दोघे स्वस्थ बसले. मग खालच्या उपाहारगृहात फिल्टर कॉफी समोर आल्यावर प्राध्यापकांनी आपणहून सांगितले. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या कानांची तपासणी झाली होती. श्रवणाचा आलेख सेकंदाला दोन हजार कंपनांपासून उतरू लागत होता आणि चार हजारांपुढे कोसळत होता. वृद्धपणी ऐकणे क्षीण होते ते असे वरच्या टोकाकडून. बोलणे चालू आहे हे कळते, परंतु स, श, फ यांसारखी व्यंजने हरवतात आणि वाक्य अर्धे अंदाजाने भरावे लागते. नातवाचे बोलणे त्यांना आता नीटसे कळत नव्हते. म्हणून मुलाने काही विचारले की ते हसून मान डोलावीत. तज्ज्ञाने श्रवणयंत्र सुचविले होते. तो कागद खणात पडून होता.

अभियंत्यांना आता दुपारचा उलगडा झाला. गळ्यातील मूळ स्वरांची कंपने बहुतांशी हजाराच्या आतच असतात. १९३० नंतरच्या त्या तबकड्यांवर फार तर पाच-सहा हजारांपर्यंतचे ध्वनी उतरत. त्यामुळे खाँसाहेबांचे गाणे प्राध्यापकांना बरेचसे शाबूत ऐकू येत होते आणि झिजलेल्या कानांनी खरखर मात्र गाळून टाकली होती. नव्या ध्वनिमुद्रणांत ज्या सूक्ष्म फरकांसाठी माणसे लाखो रुपये मोजीत होती, ते सारे त्यांच्या श्रवणाच्या सीमेपलीकडे होते.

“मग यंत्र का घेत नाही?” अभियंत्यांनी विचारले.

“गाणे आणि मी यांच्या मध्ये काही येऊ नये, एवढेच वाटते. शेवटची काही वर्षे तरी जे ऐकावयाचे ते खरे ऐकावे.”

अभियंत्यांनी काही वेळ कॉफी वाटीतून पेल्यात ओतली. नंतर ते म्हणाले, “काल संध्याकाळी सभेत आपण ऐकले ते मायक्रोफोनमधून. गाणाऱ्याचा गळा तीस हातांवर होता आणि आवाज येत होता भिंतीवरच्या पेट्यांतून. खाँसाहेब तर तुम्ही कधी यंत्रावाचून ऐकलेच नाहीत. मध्ये काही नाही असे ऐकणे आपल्या वाट्याला आले ते घरातल्या माणसांच्या बोलण्यापुरते. आणि नेमके तेच तुम्ही सोडून दिले आहे.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “आमच्या खात्यात एक नियम होता. साखळीतला सर्वांत दुबळा दुवा आधी बदलावा. बाकीच्यांवर खर्च केला तरी तो वाया जातो.”

प्राध्यापकांनी प्रतिवाद केला नाही.

अभियंत्यांनी त्या दिवशी लिफ्टशेजारच्या खोलीतील लहान जोडी नोंदविली. आपल्या दिवाणखान्यास ती पुरेशी आहे आणि तिच्यावर ते जुने गाणे सुसह्य वाजते, असा त्यांचा हिशेब होता. पोंगल झाल्यावर ते प्राध्यापकांबरोबर श्रवणतज्ज्ञाकडे गेले आणि तेथील आलेख त्यांनी जुन्या सवयीने बारकाईने पाहिला.

श्रवणयंत्राने प्रारंभी सुख दिले नाही. वर्तमानपत्राची घडी, स्वयंपाकघरातील भांडी, गच्चीवरचे कावळे हे सारे एकदम अंगावर आले. तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागला, कारण अशा यंत्रांची मूळ जुळणी बोलणे कळावे या हेतूने केलेली असते. संगीतासाठी तज्ज्ञाने वेगळी जुळणी करून दिली, ती दोनदा बदलली, आणि कानांना तिची सवय व्हावयास काही आठवडे लागले. नातू मात्र पहिल्याच दिवशी जिंकला. त्याने विचारलेल्या प्रश्नांना आता उत्तरे मिळत होती आणि तो प्रश्न विचारण्याचे थांबेना.

फाल्गुनात एका संध्याकाळी अभियंत्यांच्या घरी ती तबकडी पुन्हा लागली. प्राध्यापकांनी खरखर ऐकली आणि ती बरीच आहे, असे मान्य केले. मग त्यांनी तीच बाजू परत लावावयास सांगितली. या कृतीतील तेलुगू शब्द त्यांना आजवर स्वरांत विरघळलेले ऐकू येत. आता व्यंजनांच्या कडा लागत होत्या. कोणता शब्द कोठे तुटतो आणि खाँसाहेब त्याला कसे वळवतात, हे त्यांनी विचारले. अभियंत्यांनी तेलुगू ओळ सावकाश म्हणून दाखविली, तिचा अर्थ आपल्या तंजावरी मराठीत सांगितला, आणि दोघे ती ओळ येण्याची वाट पाहत बसले.