ट्रकी नदीच्या शेवटच्या टोकाहून

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय ठमाबाई,

तुझा निरोप ऐकला. “एवढं भाडं भरून उजाड माळ बघायला कशाला जाता? इकडे दहिवडीला या, माळ फुकट दाखवते!” हे मी घरात मोठ्यानं लावलं, आणि आमचे हे तेव्हापासून अधूनमधून तुझी नक्कल करतात. तुझं अर्धं खरंच आहे. नेवाडातल्या या पिरॅमिड लेकच्या काठावर सावलीला झाड म्हणून नाही. आहे ते करड्या पानांचं सेजब्रश. बोटांत चुरगाळलं की उग्र, औषधी वास येतो. कारणही तुमच्याकडचंच. सिएरा नेवाडा पर्वत पॅसिफिकवरून येणारा पाऊस आणि बर्फ आपल्या अंगावर घेतो आणि पलीकडे उरलंसुरलं पाठवतो. सह्याद्रीनं तुमच्या माण तालुक्याशी केलं तेच. फक्त इथे त्या माळाच्या मधोमध, साधारण 1,160 मीटर उंचीवर, शंभर मीटरांहून खोल निळं पाणी पसरलंय. आणि त्याच्या काठावर एप्रिलमध्ये आम्ही आणि चाकांवरचं आमचं बिऱ्हाड.

आरव्ही म्हणजे काय ते एकदा सांगते, म्हणजे फोनवर पुन्हा विचारायला नको. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली दीड खोली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे दुसरा, मध्ये गॅस, फ्रिज, बेसिन आणि इतका चिमुकला संडास की आत जाण्याआधीच कुठल्या दिशेला वळायचं ते ठरवावं लागतं. आमची इथली मराठी मंडळी आरव्ही घेतात ती अशा आरव्ही तळांवर जायला, जिथे वीज, नळ आणि सांडपाण्याचा पाइप हाताशी असतो. इथेही काठावरच्या सटक्लिफ गावात तशी सोय आहे. पण आम्ही थेट वाळूवर उतरलो, जिथे यातलं काहीच नाही.

तिथे खरी गंमत सुरू होते. गाडीखाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक बेसिनच्या सांडपाण्याची आणि तिसरी कशाची ते तुला कळलंच. वापरलेलं पाणी वाळूत सोडायचं नाही. टाकी भरली की बिऱ्हाड आवरून डंप स्टेशनला जायचं. म्हणून प्रत्येक तांब्याचा हिशेब. नळ सोडला की पायाखाली पंप घुरघुरतो, त्यामुळे कोण पाणी उधळतंय ते लपत नाही. पिठल्याची कढई मी आधी पोळीच्या तुकड्यानं पुसली, मग कागदानं, आणि शेवटी दोन वाट्या पाण्यात घासून टाकली. आमचे हे बघतच राहिले. म्हटलं, टँकरची वाट बघत वाढलेली मुलगी केलीत, जरा तरी उपयोग होऊ द्या! विजेचंही तसंच. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. रात्रभर चालू ठेवला तर सकाळी दिवा लावायला बॅटरीत काही उरत नाही. मग काय, स्वेटर, कानटोपी आणि दोन दुलया. गाडी उभी करायची तीही पाणसळ लावून, चाकांखाली ठोकळे घालून, कारण गॅसवरचा फ्रिज कलता असला की बिघडतो. शेजारी एक भलामोठा ट्रेलर आला आणि मऊ वाळूत आसापर्यंत रुतला. पट्टे बांधून पिकअपनं ओढताना निम्मा किनारा सल्ले द्यायला जमला. ही सवय जगभर सारखीच दिसते.

आता तुला पटणार नाही असं दृश्य. पहाटे पडदा सारला तर पाण्यात शिड्या! घरात पंखा पुसायला असते तशी ॲल्युमिनियमची घोडी, किनाऱ्यापासून थोडी आत, कंबरभर पाण्यात रोवलेली. आणि तिच्यावर गळ टाकत उभा एक माणूस. पुढे दुसरी, तिसरी, अशी रांगच. कुणी वरच्या पायरीवर खुर्ची जोडून घेतलेली. किनारा थोडं अंतर उथळ जातो आणि मग एकदम खोल उतरतो. ट्राउट मासे त्या कडेकडेनं फिरतात. शिडीवर उभं राहिलं की गळ तिथवर पोचतो आणि बर्फासारख्या पाण्यातून, लाटांतून निम्मं अंग तरी वर राहतं. कुणी कुणाशी बोलत नाही. फक्त दोरी फेकल्याचा सपकारा ऐकू येतो.

हा मासा म्हणजे लाहोंटन कटथ्रोट, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. 1925 मध्ये इथे तब्बल 41 पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा मासा सापडला होता. तो विक्रम अजून मोडलेला नाही. या तळ्यात पाणी येतं ट्रकी नदीतून, आणि ट्रकी निघते लेक ताहोमधून. तेच ते ताहो, ज्याच्या काठावरच्या बंगल्यांचे फोटो तुला सगळे पाठवत असतात. नदी रीनो शहरातून उतरते आणि इथे येऊन संपते. पुढे समुद्र नाही, काही नाही. पाणी फक्त उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. 1905 मध्ये सरकारनं वाटेत डर्बी धरण बांधलं आणि ट्रकीचं बरंचसं पाणी कालव्यानं फॅलनकडच्या नव्या शेतांना दिलं. तळं साठ-सत्तर वर्षांत पंचवीसएक मीटर खाली गेलं. शेजारचं विनेमका तळं तर पार आटलं. ट्रकीच्या मुखाशी गाळाचा बांध उघडा पडला, अंडी घालायला नदीत चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली, आणि 1940 च्या सुमारास इथला कटथ्रोट नाहीसा झाला.

पाण्याचं राजकारण तुला मी काय शिकवणार! पण तळं ज्यांचं होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. हे सगळं तळं पायूट या इथल्या मूळनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. 1859 मध्ये तो त्यांच्यासाठी बाजूला काढला आणि 1874 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या हुकुमानं त्यावर शिक्का बसला. ते स्वतःला क्वीवी खाणारे लोक म्हणवतात. क्वीवी हा चाळीस वर्षं जगू शकणारा मासा फक्त याच तळ्यात आहे. पाण्यासाठी ते कोर्टात भांडत राहिले. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टात हरले, तरी सोडलं नाही. 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून तडजोड घडवली. दरम्यान यूटाच्या सीमेवर पायलट पीकच्या एका ओढ्यात, पूर्वी कुणीतरी नेऊन सोडलेले कटथ्रोट सापडले होते. त्यांचा वंश इथलाच निघाला. 2006 पासून ती पिल्लं तळ्यात सोडू लागले आणि 2014 मध्ये, 76 वर्षांनी, कटथ्रोटनं पुन्हा ट्रकीत अंडी घातली. शिडीवरचा माणूस थंडीत कुडकुडत कशाची वाट बघतो ते आता कळलं ना?

आणि गंमत बघ. तळ्याला पिरॅमिड हे नाव दिलं शोधप्रवासी जॉन फ्रीमाँटनं, जानेवारी 1844 मध्ये, पाण्यातला एक त्रिकोणी खडक बघून. पायूटांनीच त्याला ट्राउट खाऊ घातले होते. त्याच साहेबाच्या नावाच्या गावात बसून मी तुला हे लिहितेय. इथे गणेशोत्सव करणाऱ्या आमच्यातल्या कितीजणांना हे माहीत असेल, देव जाणे.

तो त्रिकोणी खडक आम्ही लांबूनच बघितला. लोकांनी रंगवारंगवी आणि तोडफोड केली म्हणून पायूटांनी तो भाग बाहेरच्यांना बंद केलाय, आणि बरं केलंय. तळ्यातल्या अनाहो बेटावरही उतरता येत नाही. तिथे पांढऱ्या पेलिकनांची मोठी वसाहत आहे. पण ते आपल्या डोक्यावरून जातात. पंख न हलवता, ओळीनं, इतके सावकाश की हातातला चहा निवून जातो.

माझं मत विचारशील तर ताहोपेक्षा हे मला उजवं वाटलं. पाणी एकच, पण वरच्या टोकाला गाडी लावायला जागा नाही आणि खालच्या टोकाला हॉटेलांची गर्दी नाही, कारण मालकांनी काठ विकला नाही. दिवसाचा परवाना काढायचा, त्याचे पैसे त्यांना जातात, आणि आपण पाहुण्यासारखं राहायचं. हा व्यवहार मला आवडला.

तेव्हा आता टाळाटाळ पुरे. मुलाच्या पदवीदानाला येतेयस तर परतीचं तिकीट पुढचं काढ. भाऊजींना गळाचा नाद आहे, त्यांना सांग, मासेमारी 1 ऑक्टोबर ते 30 जून, आणि तिचा परवाना वेगळा. शिडी इथे मिळेल. तू फक्त मेतकूट आण आणि येताना जाड लोकरीचे मोजे विसरू नकोस.

तुझी,
चिंगी