धमाराचे चौदा, दीपचंदीचे चौदा

कळस, ता. इंदापूर
आषाढ शुद्ध अष्टमी

चि. भाचीस,

तू पाठवलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पानाचा फोटो मिळाला. मोबाईलवर नीट दिसेना, म्हणून भिगवणला झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणला. दुकानदार म्हणाला, कसला नकाशा आहे हो? ओळीच्या सुरुवातीला वर सात, खाली आठ. तुमच्या मॅडम त्याला ‘विचित्र टाइम सिग्नेचर’ म्हणाल्या आणि तू विचारतेस, मामा, आपल्याकडं असलं काही लिहितात का? हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मध्येच तू ‘हो हो’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र.

साताचं म्हणशील तर त्यात विचित्र काही नाही. तबल्याला बसलेलं पोर दोन-तीन ताल झाले की रूपकाला येतंच. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन, दोन, दोन. रूपकातली खरी गंमत सातात नाही, समेत आहे. जिथं सगळा जोर यायचा ती समच खाली. पुस्तकात बघ, पहिल्या मात्रेखाली समेच्या फुलीऐवजी खालीचं शून्य दिसेल. तुमच्या पानावर पहिला ठोका रिकामा आहे हे सांगायची सोय आहे का, ते मॅडमना विचार.

मला तुझ्या पानाबद्दल वेगळीच अडचण वाटली. सात-आठ लिहिलं, पण पाऊल कुठं टाकायचं? तीन-दोन-दोन, की दोन-दोन-तीन? ते आकड्यात नाहीच. खाली स्वरांच्या शेपट्या कशा जोडल्यात ते पाहून ओळखायचं. संगीतकार बेला बार्टोकला ही अडचण जाणवली असावी. त्याच्या ‘मिक्रोकोसमॉस’चे शेवटचे सहा तुकडे, १४८ ते १५३, बल्गेरियन लयीतले नाच आहेत. त्यातल्या एकाच्या डोक्यावर त्यानं सरळ ‘४+२+३’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘२+२+३’, आणि खाली आठ. नऊ किंवा सात म्हणून मोकळा झाला नाही. हा माणूस आपल्या जवळचा. जॅझवाल्या डेव्ह ब्रूबेकनं १९५८ साली इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेली नवाची लय पुढच्या वर्षी ‘टाइम आउट’ या रेकॉर्डमध्ये घातली, तीही अशीच: दोन, दोन, दोन, तीन. (त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही येऊन गेला होता.)

आता एक कर. ‘मिशन इम्पॉसिबल’ची धून तुला पाठ आहे. तिच्यावर पाच-चार लिहितात, पण बारीक मोजलीस तर दहा निघतात: तीन, तीन, दोन, दोन. आपला झपतालही दहाच: धीं ना, धीं धीं ना, तीं ना, धीं धीं ना. दोन, तीन, दोन, तीन. त्या धुनेवर झपताल वाजवून बघ. आवर्तनं बरोबर संपतील, पण मधे पाय अडखळत राहतील. बेरीज जमली म्हणून ताल जमला असं होत नाही.

हे मी परीक्षेत मार्क घालवून शिकलोय. तबल्याच्या लेखी पेपराला ‘धमार लिपिबद्ध करा’ असा प्रश्न होता. मी चौदा मात्रा लिहिल्या, बोल लिहिले, खुणा दिल्या, ऐटीत पेपर दिला. उत्तरावर भली मोठी तांबडी काट आली. मी धमाराचे बोल दीपचंदीच्या खणांत भरले होते. दीपचंदी म्हणजे तीन, चार, तीन, चार. धमार म्हणजे पाच, दोन, तीन, चार. दोन्ही चौदाच. आडाचौतालही चौदा. एकाच मापाचे तीन सदरे, पण शिवण निराळी.

चूक झाली कशी, ते ऐक. मी भातखंड्यांच्या लिपीत लिहीत होतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वकील माणूस. बंदिशी गोळा करून त्यांनी क्रमिक पुस्तकं काढली. त्यांची लिपी सुटसुटीत: समेला फुली, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना दोन, तीन, चार असे क्रमांक. या पद्धतीनं दीपचंदीच्या खुणा येतात फुली, दोन, शून्य, तीन. धमाराच्याही फुली, दोन, शून्य, तीन! फरक दिसतो तो नुसता खणांच्या रुंदीत, आणि माझं अक्षर गिचमिड. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी जरा किचकट, पण ती टाळीचा क्रमांक लिहीत नाही, टाळी कितव्या मात्रेवर पडते तो आकडा लिहिते. खालीला अधिकचं चिन्ह. त्यात दीपचंदी होते एक, चार, अधिक, अकरा. आणि धमार एक, सहा, अधिक, अकरा. सगळा फरक तेवढ्या चार-सहाचा. त्या दिवशी मी पलुसकरांच्या लिपीत लिहीत असतो तर वाचलो असतो. तरी आज घाईत काही टिपायचं झालं की हात भातखंड्यांकडंच जातो. सवयीला काय करणार.

आता तू विचारलेलं दुसरं. तुमच्यात खालचा आकडा दोन, चार, आठ, सोळा असाच असतो, सहा किंवा चौदा का नसतो? असतो, पण क्वचित. थॉमस अ‍ॅडेस या इंग्रज संगीतकाराच्या ‘ट्रेस्ड ओव्हरहेड’मध्ये (१९९६) दोन-सहा, नऊ-चौदा असे आकडे आहेत. खालचा आकडा म्हणजे पूर्ण स्वराचा कितवा भाग, एवढं तुला माहीतच आहे. म्हणजे जेवढ्या वेळात चार ठोके जायचे तेवढ्यात सहा घालवायचे. याला तिकडं अवघड मानतात. आमच्या आबांना विचारलं असतं तर त्यांनी दिडकी म्हणून दाखवली असती. दिडकीत चारापुढं सहाच येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे शाळेत घोकलेली ती माणसं. आपल्या लयकारीत हीच नावं: पाऊणपट, सवापट, दीडपट. दीडपटीला आड म्हणतात, पावणेदोनपटीला बिआड. आठाची पावणेदोनपट चौदा, म्हणजे अ‍ॅडेससाहेबांचे खालचे चौदा ही आपली बिआड झाली. (कुआड म्हणजे सवापट की सव्वादोनपट, यावर मात्र दोन तबलजींचं एकमत होत नाही. त्या वादात पडू नकोस.)

पण फुशारकी मारायचं कारण नाही. झपतालाची दीडपट कागदावर लिहायला बस. दहा मात्रांचे बोल सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रांत बसतात. समेवर यायचं तर तीन पूर्णांक एक तृतीयांश सोडून सुरुवात. तृतीयांशाला आपल्याकडं पाव, पाऊण, सवा असा घरगुती शब्दच नाही, म्हणून तिथं भले भले बोटं मोजतात. चौथ्या मात्रेत ‘ऽ धीं ऽ’, पाचवीत ‘ना ऽ धीं’, सहावीत ‘ऽ धीं ऽ’, असं लिहीत जायचं. हे पेपरापुरतंच. बैठकीत कुणी कागद समोर ठेवून आड धरत नाही.

आणखी एक, बारामतीचं. तू नाईकांच्या वाड्यावरून कितीदा गेली असशील. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आर्यांचे डोंगर रचले. आर्येचा मूळ हिशेब संगीतवाल्यानं बघावा असा आहे. पहिल्या अर्धात चार-चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू, मिळून तीस. दुसऱ्या अर्धात मात्र सहावा गण एकाच मात्रेचा: चार, चार, चार, चार, चार, एक, चार, दोन. सत्तावीस. भरल्या रस्त्यात एकाच मात्रेची पायरी! तुमच्या पद्धतीनं लिहायचं तर मधेच एक-चारचा खण काढावा लागेल. पंतांनी बहुधा लिहिली ती गीति. तिचे दोन्ही अर्ध तिसाचे. म्हणजे खड्डा त्यांनी बुजवूनच टाकला. मला ते जरा खटकतं, पण हजारो आर्या रचायच्या असलेल्या माणसाला आपण काय सांगायचं.

तुकोबांची पालखी गेली. बेलवाडीच्या रिंगणाला गेलो होतो. टाळ-मृदंग बहुतेक आठाच्या चालीत, पण पावली खेळताना पोरं पाऊल कधी लांबवतात, कधी दोन पावलं एकात घेतात आणि तरी एकदम खाली येतात. आपल्याकडचा गजी नाचाचा ढोलही तसाच. एकदा मी वही घेऊन टिपायला बसलो. ढोल वाजवणारे काका म्हणाले, मास्तर, लिहू नका, उठा. उठलो. पायाला पाच मिनिटांत जे कळलं ते वहीत काही उतरलं नाही. पान कोरंच आहे.

दिवाळीला येशील तेव्हा ते सात-आठचं पान घेऊन ये. तोवर रोज धमार हातावर म्हण. पाच, दोन, तीन, चार, दुसरी टाळी सहावर. तबल्याची पुडी फाटलीय, बारामतीला बदलायला दिलीय. आठ दिवसांत मिळेल म्हणालेत.

तुझा,
मामा