अभय कोणाला?

'अभय' हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा उलगडून सांगितला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याविषयी वाचताना मात्र त्याचा अर्थ आम्हालाच निसटू लागतो. १६ एप्रिल २००७ रोजी तेथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण गोळ्यांना बळी पडले. त्यांत वर्गात शिकवीत असलेले प्राध्यापकही होते. महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येईल, असा कायदा तेथे १९९३ पासून होता. मारेकऱ्याने तेवढे अंतर राखूनच दोन पिस्तुले घेतली होती. २०१२ मध्ये रिपब्लिकनांनी तो कायदा रद्द केला. २०१९ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडे गेली आणि २०२० मध्ये तो परत आला. तेव्हा अनेक काउंट्यांनी स्वतःला बंदुकीच्या हक्काची 'सँक्च्युअरी', म्हणजे अभयस्थान, म्हणवून घेतले. स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या शहरांचा हा शब्द!

एकाला बंदूक जवळ असल्याने अभय वाटते, दुसऱ्याला ती समोर नसल्याने. दोन्ही भये खरी आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण फळ्यावर लिहिताना आमची पाठ वर्गाकडे असते. त्या क्षणी आम्ही कोणत्या बाजूचे आहोत, हे आम्हाला पक्के ठाऊक असते.